जुन्या बाजारातील हुन्नर

प्रवासाला निघालेल्या माणसांपैकी कोणी किल्ले पाहतो, कोणी धबधबे पाहतो, तर कोणी देवळे आणि दर्गे. मला मात्र नव्या गावी गेल्यावर आधी बाजारपेठ पाहायची सवय आहे. त्यातही दिव्यांनी झगमगणाऱ्या नव्या दुकानांपेक्षा जिथे जुन्या वस्तू विकल्या जातात, दुरुस्त होतात किंवा हाताने घडवल्या जातात, त्या गल्लीकडे माझे पाय आपोआप वळतात. गावात कोण राजा होऊन गेला हे पुस्तकात वाचायला मिळते. पण गावातली साधी माणसे कशात रांधत होती, कशाने मोजत होती आणि कशावर पोट भरत होती, हे अशा गल्लीतच कळते.

२०२५ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी होती. तेव्हा मी दोन दिवस रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत फिरून आलो. रायगड म्हटले की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन यांचे समुद्रकिनारे डोळ्यांसमोर येतात. हे दोन तालुके मात्र समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. कर्जतमधून उल्हास नदी वाहते आणि खालापूरमधून पाताळगंगा. इथले मुख्य पीक भात. पावसाळ्यात हा सारा मुलूख हिरवागार होतो. मे महिन्यात मात्र ऊन नुसते भाजून काढते.

कर्जतचा जीव रेल्वेभोवती आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यापर्यंत देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५६ मध्ये, रूळ खोपोलीपर्यंत येऊन पोहोचले. पुढे बोरघाट उभा होता. तो चढून लोहमार्ग खंडाळ्याला नेईपर्यंत १८६३ साल उजाडले. आजही पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडतात. इंजिने जोडायला काही मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात प्रवासी खिडकीतून डोकावतात, त्यांना भूक आठवते, आणि गरम बटाटेवड्याचा वास येतो. कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला तो या काही मिनिटांच्या थांब्यामुळे. गाडी न थांबता निघून गेली असती, तर वडा कितीही चविष्ट असता तरी तो कोणी खाल्ला असता? गिऱ्हाईक कुठे थांबते आणि त्या वेळी त्याला काय हवे असते, हे ज्याने ओळखले त्याला धंदा सापडला.

वडा खाऊन मी बाजारात शिरलो. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानेच दुकाने आहेत. तिथे ग्रामोफोन, झुंबरे, सिनेमाची जुनी पोस्टरे ऐटीत मांडून ठेवलेली असतात. छोट्या शहरात जुन्या वस्तूंचा असा थाट नसतो. इथे त्या भंगाराच्या दुकानात, घड्याळजीच्या खणात किंवा भांडीवाल्याकडच्या मोडीच्या ढिगात पडून असतात. मोड म्हणजे फुटके, जुने भांडे. ते वजनावर देऊन लोक नवे भांडे घेतात. एखादी गोष्ट निरुपयोगी ठरवून टाकून देणे याला मराठीत ‘मोडीत काढणे’ म्हणतात, ते उगाच नाही.

भंगाराच्या एका दुकानात कंदील, पितळी कडीकोयंडे आणि जात्याच्या तळ्या यांच्यामध्ये मला एक गंजलेले लोखंडी माप दिसले. मी ते उचलून पाहू लागलो, तेव्हा दुकानदार म्हणाले, “पायली आहे ती. चार शेरांची. अधोली हवी असेल तर तीही आहे, दोन शेरांची.” एके काळी या भागातले भात अशाच मापांनी मोजले जात असे. १९५७ मध्ये आण्यांच्या जागी दशमान पद्धतीचे नवे पैसे आले आणि पुढच्या काही वर्षांत शेर-पायलीची जागा किलो आणि लिटरने घेतली. माप गेले, पण भाषेत ते अजून राहिले आहे. एखादी वस्तू हवी तेवढी, स्वस्तात मिळत असेल, तर आपण आजही म्हणतो, “असे पायलीचे पन्नास मिळतात.”

“आता हे माप कोण घेते?” मी विचारले.

“फार्महाऊसवाले नेतात. त्यात कुंडी ठेवतात. जुना हंडा, जुना दरवाजा, काहीही नेतात. पण वापरायला कोणी नेत नाही, शोभेला नेतात.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. धंदा चालत होता, ते खूश होते. माझ्या मनात मात्र एक प्रश्न आला. वस्तू जुनी झाली की तिच्यापुढे दोनच वाटा उरतात का? एक मोडीची आणि दुसरी शोभेची?

तिसरी वाट मला त्याच बाजाराच्या टोकाला, एका पिंपळाखाली दिसली. तिथे एक कल्हईवाले बसले होते. पन्नाशीचे असावेत. समोर जमिनीत खणलेली छोटी भट्टी, बाजूला भाता, आणि आजूबाजूला तांब्याची मोठमोठी भांडी. भाता चालवायला त्यांचा मुलगा बसला होता. तो नववीत शिकत होता.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांनी कल्हई होताना पाहिली नसेल. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंच, टोमॅटो असे आंबट पदार्थ ठेवले की ते कळकतात, म्हणजे धातूमुळे बिघडतात. असे पदार्थ खाणे शरीराला अपायकारक असते. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात. तीच कल्हई. आधी भांडे घासून अगदी स्वच्छ करतात. मग ते निखाऱ्यांवर धरून तापवतात. चांगले तापले की त्यात नवसागराची चिमूटभर पूड टाकतात. पांढऱ्या धुराचा लोट उठतो. लगेच कथलाची कांडी आत टेकवतात आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील भराभर सगळीकडे पसरवतात. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, तर तांबे १०८५ अंशांना. त्यामुळे तांबे शाबूत राहते आणि कथील पाण्यासारखे पसरते. शेवटी भांडे थंड पाण्यात बुडवतात. चर्र आवाज होतो, आणि काळेकुट्ट भांडे आतून चांदीसारखे चमकू लागते. हे सारे काम मिनिटभरात होते. भांडे कमी तापले तर कथील धरत नाही, जास्त तापले तर ते जळून काळे पडते. किती तापले हे सांगणारे कोणतेही यंत्र कल्हईवाल्याजवळ नव्हते. तो अंदाज त्यांच्या डोळ्यांत होता.

घरोघरी स्टीलची भांडी आल्यापासून कल्हईचे काम फार कमी झाले. पण लग्नाच्या जेवणाच्या तांब्याच्या देगा अजून वापरात आहेत. त्यांना कल्हई लागतेच. समोर ठेवलेली भांडी अशाच एका बावर्च्याची होती.

मी मास्तर आहे असे कळल्यावर कल्हईवाले हात थांबवून म्हणाले, “मास्तर, तुम्ही याला समजवा. सुट्टी आहे, खेळावे, अभ्यास करावा. ते सोडून इथे येऊन बसतो. तीस वर्षे मी या धुरात काढली. माझा खोकला जात नाही. आता हाच खोकला मी पोराला देऊ का?”

मुलगा भात्याकडे पाहत राहिला. त्याचे अब्बा पाणी आणायला गेले, तेव्हा तो हळूच म्हणाला, “सर, मला हे काम आवडते. काळे भांडे एकदम चमकते ना, ते बघायला मजा येते. पण वर्गात मी कोणाला सांगत नाही. मुले हसतात.”

मला चटकन काही बोलता येईना. बापाचे म्हणणे खोटे नव्हते आणि मुलाचेही खोटे नव्हते. आपल्या शाळांमधून असे अनेक विद्यार्थी असतात. प्रवेशाच्या अर्जावर ‘पालकांचा व्यवसाय’ हा रकाना आला की त्यांचा हात अडखळतो. कोणाचे वडील स्टोव्ह दुरुस्त करतात, कोणाचे गाद्या पिंजतात, कोणाचे कुलपाच्या किल्ल्या बनवतात. मुले ‘नोकरी’ असे लिहून मोकळी होतात. “उद्या संध्याकाळी परत जाताना येतो,” असे सांगून मी निघालो.

कर्जतहून खोपोलीला लोकल जाते. खोपोली हे खालापूर तालुक्यातले मोठे शहर. इथे पाण्याच्या जोरावर वीज तयार करणारे टाटांचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. लोणावळ्याकडच्या धरणांचे पाणी मोठ्या नळांतून घाट उतरून खाली येते आणि त्या वेगावर चक्रे फिरतात. पुढे या परिसरात कारखाने वाढले. कारखान्यांतून रिकामे डबे आणि पिंपे बाहेर पडू लागली. बाजारात पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात मी त्यांचे पुढचे आयुष्य पाहिले. तेलाच्या डब्याचे नरसाळे झाले होते, पिंपाची शेगडी झाली होती, उरलेल्या पट्ट्यांच्या सुपल्या झाल्या होत्या. टाकाऊ पत्र्याचा एक तुकडासुद्धा वाया गेलेला नव्हता.

पावसाळा तोंडावर आला होता. रस्त्याच्या कडेला एक बाई बांबूच्या टोपल्या, सुपे आणि इरली घेऊन बसल्या होत्या. भातलावणी करताना शेतकऱ्याला वाकून काम करावे लागते; दोन्ही हात चिखलात असतात. छत्री धरणार कोण? म्हणून डोक्यावरून पाठीवर येणारे बांबूचे इरले घेतात. पूर्वी त्यात झाडाची पाने भरत. या बाईंच्या इरल्यांना पानांऐवजी निळे प्लास्टिक लावलेले होते. मी त्याबद्दल विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पाने एका पावसात कुजायची. हे दोन-तीन वर्षे जाते. वीण मात्र तीच हो, माझ्या आईने शिकवलेली.” जुने जपायचे म्हणजे ते जसेच्या तसे ठेवायचे असे नाही, हे त्या एका वाक्यात सांगून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेरळमार्गे माथेरानला गेलो. माथेरान कर्जत तालुक्यातच आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट तिथे चढून गेले आणि त्यानंतर हे थंड हवेचे ठिकाण वसू लागले. नेरळहून माथेरानला जाणारी झुकझुक गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने आपल्या पैशाने ही रेल्वे बांधली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी हे काम तडीस नेले. दोन फूट रुंदीचे रूळ, सुमारे वीस किलोमीटरचा नागमोडी मार्ग. २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीने हा मार्ग उद्ध्वस्त केला होता. तो पुन्हा बांधून काढला आणि २००७ मध्ये, शंभराव्या वर्षी, गाडी पुन्हा धावली. मोडीत न काढता दुरुस्त करण्याचे याहून मोठे उदाहरण या भागात नसेल.

मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे माणसे पायी जातात किंवा घोड्यावर बसून. लाल मातीची वाट चालत मी बाजारात पोहोचलो. चिक्की, मध, वेताच्या काठ्या आणि चामड्याच्या चपला यांची दुकाने दुतर्फा होती. एका दुकानाच्या मागच्या खोलीत कारागीर रापीने चामडे कापत होता. दुसरा आरीने भोके पाडून शिवत होता. कागदावर गिऱ्हाईकाच्या पायाचा नमुना काढून त्याच मापाची चप्पल ते करून देत. “ही तुटली तर?” मी विचारले. “तुटली तर घेऊन या. शिवून देतो. शिवता येत नाही अशी चप्पल आम्ही करतच नाही,” कारागीर हसत म्हणाला.

थोडे पुढे एक नालबंद घोड्याच्या खुराला नाल ठोकत होता. आधी त्याने वाढलेले खूर कापले, नखे कापावीत तसे. मग खुराच्या कडेच्या निर्जीव भागात खिळे मारले. घोडा शांत उभा होता. खिळा थोडा आत गेला असता तर तो लंगडा झाला असता.

‘नालबंद’ हा शब्द ऐकून तुम्हांला तो ओळखीचा वाटला असेल. अशा बाजारातून फिरताना मराठीच्या तासापेक्षा जास्त मराठी शिकायला मिळते, आणि गंमत म्हणजे त्यातले कितीतरी शब्द तुमच्या घरचेच निघतात. दुकान, बाजार, कारागीर, तराजू, नमुना हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले. ‘हुनर’चा ‘हुन्नर’ झाला. ‘क़लई’ची ‘कल्हई’ झाली. उर्दूत ‘क़लई खुल जाना’ म्हणजे खरे रूप उघडे पडणे. हे शब्द पंडितांनी पोथीतून आणले नाहीत. भांडी घेऊन येणारी गिऱ्हाइके आणि ती उजळणारे कारागीर यांच्या रोजच्या बोलण्यातून ते इकडून तिकडे गेले. शब्दसुद्धा वापरात राहिले म्हणूनच टिकले.

माथेरानला मी आणखी एक जुनी गोष्ट पाहिली. ती पाहून आनंद झाला नाही. चढाच्या वाटेवर तीन माणसे एक रिक्षा ओढत आणि ढकलत होती. आत एक कुटुंब बसले होते. ओढणाऱ्यांचे सदरे घामाने भिजले होते. ही प्रथाही फार जुनी आहे. इथे मोटारींना बंदी असल्यामुळे ती टिकली आणि तिच्यावर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. डिसेंबर २०२२ मध्ये इथे विजेवर चालणाऱ्या रिक्षांची चाचणी सुरू झाली. मी परत आल्यानंतर, ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि या रिक्षाचालकांना ई-रिक्षा देण्याची योजना आखण्याचा आदेश दिला.

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण सगळ्यांनी पाठ केली आहे. त्या चढावर मला वाटले, जुन्यात सोनेही असते आणि मातीही असते. ते निवडून घ्यावे लागते. हुन्नर ठेवावा, हाल टाकून द्यावेत. इरले विणणाऱ्या बाईंनी वीण ठेवली आणि कुजणारी पाने टाकली, ती अशीच.

संध्याकाळी मी पुन्हा कर्जतला आलो. शेवटची देग भट्टीवर होती. पांढरा धूर उठला, तसा मी मुलाला विचारले, “ही पूड कशाला टाकतात?”

“भांडे साफ होते,” तो म्हणाला.

“कसे होते?”

तो अब्बांकडे पाहू लागला. अब्बा म्हणाले, “ते आम्हांला काय ठाऊक? वडील टाकायचे, मी टाकतो.”

मी म्हणालो, “नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. विज्ञानाच्या पुस्तकात तुला भेटेल. ते तापले की त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. तांब्यावर जो काळा थर चढतो, त्याला हा दुसरा वायू साफ करतो. म्हणून कथील घट्ट बसते. आणि ते दोन वायू हवेत पुन्हा एकत्र आले की हा पांढरा धूर दिसतो.”

मुलगा भाता विसरला. “म्हणजे अब्बांचे काम आमच्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकातली गोष्ट तुझे अब्बा तीस वर्षे करत आहेत, असे म्हण.”

कल्हईवाले काही बोलले नाहीत. त्यांनी देग पाण्यात बुडवली, बाहेर काढली आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ती पुसत राहिले. मग म्हणाले, “पण मास्तर, धुराचे काय?” प्रश्न रास्त होता. मी म्हटले, “धूर वर ओढून नेणारे धुराडे किंवा पंखा बसवता येतो. आयटीआयमध्ये पत्र्याचे काम शिकवतात. ते शिकला तर कदाचित हाच तुम्हांला करून देईल.” ते हसले, पण त्या हसण्यात होकार होता की नकार, ते मला कळले नाही. मुलगा पुढे काय होईल, कल्हईवाला, शिक्षक की रसायनशास्त्रज्ञ, ते त्याचे त्याने ठरवायचे आहे. मात्र अर्जावरच्या त्या रकान्यापाशी त्याचा हात आता अडखळू नये, एवढे मला मनापासून वाटते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या गावातही अशी एखादी गल्ली असेल. एखाद्या सुट्टीच्या दिवशी वहीपेन्सिल घेऊन तिथे जा. कारागिराचे काम चालू असताना मध्ये न येता बाजूला उभे राहा आणि ते थांबले की विचारा, “हे तुम्ही कोणाकडून शिकलात?” त्यांच्या हत्यारांची नावे लिहून घ्या, त्यांतली कितीतरी शब्दकोशात सापडणार नाहीत. आणि तो कारागीर तुमच्या स्वतःच्या घरात असेल, तर बाजारापर्यंत जायचीही गरज नाही. आज रात्री जेवताना विचारा.